मैदान भ्याडांना आंदण दिले कोणी?

ऑगस्ट २०११ मध्ये डब्लिनच्या क्रोक पार्कवर अखिल आयर्लंड गेलिक फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. एका बाजूला डब्लिन, दुसऱ्या बाजूला डोनेगॉल. सत्तर मिनिटांच्या खेळानंतर फलकावर डब्लिनचे आठ गुण होते आणि डोनेगॉलचे सहा. मध्यंतरानंतर डोनेगॉलला अवघे दोन गुण करता आले. करणार तरी कसे? पुढे माणूस होताच कुठे! जवळजवळ अख्खा संघ स्वतःच्या गोलापुढे दाटीवाटीने उभा होता. देशातल्या सर्वांत मोठ्या मैदानावर, सर्वांत मोठ्या स्पर्धेत, धडधाकट तरुणांना ‘खेळू नका’ असे पढवून उतरवले गेले. या प्रकाराचा धिक्कार व्हायला हवा होता. त्याला मिळाले ते अनुयायी. आता नियम बदलून खेळाची मानगूट सुटली आहे, तरी ते नियम सैल करा म्हणणारे आवाज थांबलेले नाहीत. म्हणूनच या पापाचा हिशेब एकदा चव्हाट्यावर मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

हा खेळ कोणाचा, हे आधी बजावून सांगितले पाहिजे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपेररी काउंटीतल्या थर्लस गावी, एका हॉटेलात मायकेल क्युसॅक आणि त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली. इंग्रजी खेळांच्या लाटेत आयरिश माणसाचे खेळ वाहून जाऊ नयेत, हा त्यामागचा निर्धार होता. २१ नोव्हेंबर १९२० रोजी याच क्रोक पार्कवर डब्लिन-टिपेररी सामना चालू असताना ब्रिटिशांच्या सशस्त्र दलाने गोळीबार केला. चौदा जीव गेले. त्यांत टिपेररीचा खेळाडू मायकेल होगन होता. मैदानाच्या एका स्टँडला आजही त्याचे नाव आहे. ज्या आयर्लंडचा लढा डोळ्यांपुढे ठेवून टिळकांनी आणि बॅप्टिस्टांनी १९१६ मध्ये होमरूल लीग उभारली, त्याच आयर्लंडचा हा खेळ. मराठी वाचकाला त्याचे मोल वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आजही या खेळात काउंटीच्या संघातून खेळणाऱ्याला पगार मिळत नाही. केरीचा डेव्हिड क्लिफर्ड आजच्या पिढीतला सर्वांत मोठा आघाडीवीर मानला जातो, आणि पेशाने तो शिक्षक आहे. इथे खेळाडूंचा लिलाव होत नाही. गावचा क्लब, क्लबावरून काउंटी, आणि काउंटीच्या रंगासाठी जीव तोडून धावायचे, एवढाच व्यवहार. पंधरा-पंधरा गडी. चेंडू हातात घ्यायचा आणि पायानेही मारायचा. हातात घेऊन धावताना दर चार पावलांनी तो जमिनीवर आपटायचा किंवा चवड्याने उडवून परत झेलायचा. आडव्या दांडीवरून मारला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. या खेळाचा प्राण दोनच गोष्टींत आहे: घोळक्यातून उंच उडी घेऊन झेललेला चेंडू आणि माणसाला माणूस भिडून होणारी झुंज. प्रेक्षक तिकीट काढतो ते यासाठी.

या झुंजीतून काउंट्यांची वैरे उभी राहिली. १९७४ ते १९८६ या तेरा वर्षांतली बारा अजिंक्यपदे केरी आणि डब्लिन या दोघांनीच वाटून घेतली. १९७७चा त्यांचा उपांत्य सामना डब्लिनने तीन गोल आणि बारा गुण करून जिंकला, आणि आजवरचा सर्वोत्तम सामना कोणता, असा वाद निघाला की जुने चाहते पहिले नाव त्याचेच घेतात. तेरावे अजिंक्यपद गेले ऑफलीकडे, १९८२ साली. ते कसे गेले ते पाहा. केरी सलग पाचव्या विजेतेपदाच्या उंबरठ्यावर, दोन गुणांनी पुढे, आणि सामना संपायला काही क्षणच उरलेले. ऑफलीचा एक लांब, उंच चेंडू केरीच्या गोलाकडे आला. बदली म्हणून उतरलेला शेमस डार्बी टॉमी डॉयलच्या मागून उठला, त्याने चेंडू झेलला, वळला आणि सरळ जाळ्यात मारला. ऑफली एका गुणाने अजिंक्य! डार्बीने डॉयलला पाठीत धक्का दिला की नाही, यावर केरीचा माणूस आजही तावातावाने बोलतो. १९९१ मध्ये मीथ आणि डब्लिन पहिल्याच फेरीत भिडले, आणि निकाल लागायला चार सामने लागले. चौथ्यात शेवटच्या घडीला मीथने चेंडू आपल्या गोलापासून थेट डब्लिनच्या गोलापर्यंत नेला आणि गोल केला तो बचावफळीतल्या केविन फोलीने. मीथ एका गुणाने जिंकले.

या सगळ्या सामन्यांत हरलेला संघही थोर आहे, कारण तो हरण्याची तयारी ठेवून पुढे गेला होता. वैराला पराभवाची किंमत मोजावी लागते. ती मोजायला जो तयार नाही, त्याच्याशी कोणाचे वैर जमत नाही. गेल्या दोन दशकांत आयर्लंडच्या या खेळात जे घडले ते एवढ्यातच आले: हरण्याच्या भीतीला डावपेचाचा दर्जा देण्यात आला.

इथे एक अन्याय दूर करणे भाग आहे. केरीच्या चाहत्यांना विचारा, ते बोट दाखवतील टिरोनकडे. २००३च्या उपांत्य सामन्यात टिरोनने केरीला १३ विरुद्ध ६ असे चिरडले, तेव्हा केरीकडून आठ अजिंक्यपदे जिंकलेल्या पॅट स्पिलेनने त्या खेळाला ओकारी आणणारा फुटबॉल म्हटले. हा आरोप आम्हाला साफ अमान्य आहे. टिरोनच्या पोरांनी त्या दिवशी केरीच्या एकेका गड्यावर तिघा-तिघांनी झडप घातली, चेंडू हिसकावला आणि तो घेऊन पुढे धावले. ती भूक होती. जो स्वतः चालून जातो त्याला भित्रा म्हणणे हा दक्षिणेचा उत्तरेबद्दलचा जुना तोरा आहे. आणि हाच केरी २०१४च्या अंतिम सामन्यात डोनेगॉलपुढे उभा राहिला तेव्हा डोनेगॉलचीच भिंत उचलून आपल्या गोलापुढे बांधून जिंकला! तेव्हा सौंदर्याचे हे रखवालदार कुठे होते? करंडक घरी आला की ओकारी थांबते काय?

खरा गुन्हा पुढे झाला. टिरोनची झडप कोणी उचलली नाही. डोनेगॉलची भिंत मात्र सगळ्यांनी उचलली, आणि भिंत फोडता येईना म्हणून समोरच्यांनी हल्लाच सोडून दिला. मग मैदानावर दिसू लागले ते असे. एक संघ आपल्या अर्ध्यात तेरा-चौदा गडी घेऊन उभा. दुसरा चेंडू हाताने डावीकडून उजवीकडे देतो, उजवीकडून मागे, मागून परत डावीकडे. कोणी आत घुसत नाही, कोणी लांबून मारत नाही. चूक झाली तर प्रशिक्षक ओरडेल! गोलरक्षकसुद्धा आपले घर सोडून या फेऱ्यांत एक जास्तीचा हात म्हणून सामील. भिडायला माणूस नाही, झेलायला उंच चेंडू नाही. पालक मुलाला खांद्यावर बसवून मैदानात आणतो, त्याने त्या मुलाला दाखवायचे काय?

याला जबाबदार कोण? पहिले आरोपी प्रशिक्षक. पगार न घेणाऱ्या पोरांच्या वर्षभराच्या घामातून त्यांनी धाडस पिळून काढले आणि उरलेल्या चोथ्याला पद्धत असे नाव दिले. दुसरे आरोपी असोसिएशनचे कारभारी. वर्षानुवर्षे त्यांनी डोळ्यांवर कातडे ओढले. २०१९ मध्ये सलग हातपासांवर तीनची मर्यादा लीगपूर्व सामन्यांत घालून पाहिली, प्रशिक्षकांनी आरडाओरडा करताच ती गुंडाळून ठेवली. पुढे तर हरण्याची भीती त्यांनी खुद्द स्पर्धेच्या रचनेतच घातली. २०२३ ते २०२५ या तीन मोसमांत अखिल आयर्लंड स्पर्धेत सोळा संघांचे चार गट केले. चोवीस सामने खेळवायचे आणि त्यांतून बाद करायचे फक्त चार संघ! हरलात तरी बिघडत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा या. अशा सामन्यातून कुठले वैर पेटणार? १९९१च्या मीथ-डब्लिन झुंजीत हरणाऱ्याचा मोसम तिथेच संपत होता, म्हणून देश श्वास रोखून बसला होता. ती गटपद्धत शेवटी मोडीत काढावी लागली, पण तीन उन्हाळे गेलेच.

आणि तिसरे आरोपी चाहते! हो, त्यांनाही आम्ही सोडणार नाही. दुसऱ्याची भिंत दिसली की शिव्या, आपल्या काउंटीची भिंत दिसली की टाळ्या. डोनेगॉलच्या चाहत्याने २०१२चे अजिंक्यपद पुढे करून सांगितले की पद्धत फळली. त्याच अंतिम सामन्यातला पहिला गोल त्याने आठवावा! तिसऱ्याच मिनिटाला कार्ल लेसीने लांब, उंच चेंडू टाकला, मायकेल मर्फीने तो मेयोच्या बचावपटूवरून झेलला आणि जाळे फाटेल असा मारला. अजिंक्यपदाचा पाया घातला तो त्या झेलाने, आणि उरलेल्या देशाने उचलली भिंत.

अखेर असोसिएशनने नेमलेल्या जिम गॅव्हिन यांच्या समितीने शस्त्रक्रिया केली. ३० नोव्हेंबर २०२४च्या विशेष अधिवेशनात नवे नियम मंजूर झाले आणि २०२५चा मोसम त्यांवर खेळला गेला. दोन्ही अर्ध्यांत प्रत्येक संघाचे किमान तीन गडी असलेच पाहिजेत. म्हणजे सगळ्यांनी मागे पळण्याची सोय संपली. चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या चेंडूला दोन गुण; म्हणजे भिंत बांधून बसलात तर डोक्यावरून दुप्पट दंड. गोलरक्षकाची किक त्या कमानीपलीकडे गेलीच पाहिजे. म्हणजे उंच चेंडू आणि त्यासाठीची झुंज परत आली. पंचाशी हुज्जत घातली तर चेंडू पन्नास मीटर पुढे.

फळ काय मिळाले? उपांत्यपूर्व सामन्यात मध्यंतराला गतविजेता आर्मा पुढे होता. मध्यंतरानंतर केरीने आर्माच्या गोलरक्षकाची एकेक किक झुंजून हिसकावली आणि सलग चौदा गुण ठोकले. लेन्स्टर प्रांतात डब्लिनने २०११ पासून सलग चौदा वर्षे विजेतेपद सोडले नव्हते; त्याला मीथने घरी पाठवले. मग मीथला अंतिम सामन्यात लाउथने दोन गुणांनी हरवले. हे तेच लाउथ, ज्यांना २०१० मध्ये याच मीथने, चेंडू हाताने गोलरेषेपार नेलेल्या आणि तरीही पंचांनी ग्राह्य धरलेल्या गोलावर हरवले होते. १९५७ नंतर लाउथचे हे पहिले प्रांतिक विजेतेपद. असे वैर कागदावर आखून मिळत नाही. मोकळ्या मैदानावरच ते फळाला येते.

सर्वांत जळजळीत पुरावा मात्र डोनेगॉलचाच. २०११ मध्ये सहा गुणांवर थांबलेल्या त्या संघाचे प्रशिक्षक जिम मॅकगिनेस होते आणि संघात मायकेल मर्फी होता. २०२५च्या उपांत्य सामन्यात तोच प्रशिक्षक, तोच मर्फी, तीच काउंटी, आणि मीथविरुद्ध तीन गोल व सव्वीस गुण, म्हणजे एकूण पस्तीस! लांबून मारलेल्या चेंडूला दोन गुण मिळतात म्हणून आकडे फुगले, असा युक्तिवाद कोणी करील. करू दे. सहाचे पस्तीस त्याने होत नाहीत. त्या पोरांच्या पायांत ताकद तेव्हाही होती. ती बांधून ठेवली गेली, आणि ज्यांनी सोडवायची ते मूग गिळून बसले. अंतिम सामन्यात केरीने डोनेगॉलला १ गोल २६ गुण विरुद्ध १९ गुण असे हरवले, क्लिफर्डने एकट्याने नऊ गुण केले, आणि हरलेला डोनेगॉलही मान ताठ ठेवून परतला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये हे नियम कायम झाले. तरी कुरकुर चालूच आहे. परंपरा बिघडली म्हणे! कुठली परंपरा? क्युसॅकने स्थापलेली, डार्बीने आणि फोलीने गाजवलेली परंपरा झुंजीची होती. हातातल्या हातात चेंडू फिरवण्याचा रिवाज कालपरवाचा आहे. त्याला परंपरेची झूल चढवू नका. गावच्या क्लबांत पंचांवर ताण वाढला, ही तक्रार रास्त आहे. मग मदतीला प्रशिक्षित माणसे द्या, सीमारेषेवर डोळस लोक उभे करा. पंचाचे ओझे कमी करायचे निमित्त सांगून नियमांना भोके पाडू नका.

कारभाऱ्यांना आमचे सांगणे स्पष्ट आहे: एक पाऊलही मागे घेऊ नका, आणि प्रशिक्षकांनी पळवाट शोधली की त्याच मोसमात ती बुजवा. पुन्हा वीस वर्षे थांबण्याचा अधिकार तुम्हाला नाही. प्रशिक्षकांना सांगणे: ज्याला हरायची भीती वाटते त्याने दुसऱ्यांच्या पोरांना खेळवू नये. आणि केरीपासून डोनेगॉलपर्यंतच्या चाहत्यांना सांगणे: करंडक हाती आला तरी भित्र्या खेळाला टाळी देऊ नका. तुमचा संघ भिंत बांधून बसला तर पहिला धिक्कार तुमच्याच तोंडून निघाला पाहिजे.