'मेन'चा स्फोट : चौकशीआधीच लागलेला निकाल

युद्धाचा निर्णय बंद दाराआड होत असला, तरी त्यासाठी लागणारे जनमत तयार करायला एखादी घटना पुरते. त्या घटनेचे सत्य बाहेर येईपर्यंत तोफा धडाडून थंडही झालेल्या असतात. अमेरिकेच्या 'मेन' या युद्धनौकेचा शेवट हे त्याचे ठळक उदाहरण.

१५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री पावणेदहाच्या सुमारास क्यूबातील हवाना बंदरात नांगरलेल्या 'मेन'वर प्रचंड स्फोट झाला. नौकेचा पुढचा भाग उद्ध्वस्त झाला आणि सुमारे साडेतीनशे जणांपैकी २६० हून अधिक नौसैनिक मृत्युमुखी पडले. कॅप्टन चार्ल्स सिग्जबी बचावले. वॉशिंग्टनला पाठविलेल्या पहिल्याच तारेत त्यांनी, सविस्तर अहवाल येईपर्यंत लोकांनी मत बनवू नये, असे सुचविले होते. हा सल्ला मात्र कोणी मानला नाही.

पेटते निखारे आधीपासूनच

क्यूबात १८९५ पासून स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड धुमसत होते. ते मोडून काढण्यासाठी जनरल वेलर यांनी ग्रामीण जनतेला छावण्यांत कोंडले. तेथे उपासमारीने आणि रोगराईने असंख्य बळी गेले. हवानातील दंगलींनंतर अमेरिकी नागरिकांच्या सुरक्षेचे कारण देऊन 'मेन' जानेवारीत तेथे पाठविण्यात आली होती. त्यातच स्पेनच्या वॉशिंग्टनमधील राजदूतांचे अध्यक्ष मॅकिन्ली यांची हेटाळणी करणारे खासगी पत्र ९ फेब्रुवारीला वृत्तपत्रात झळकले. सहा दिवसांनी स्फोट झाला.

खप वाढविण्याच्या स्पर्धेत असलेल्या हर्स्ट आणि पुलित्झर यांच्या वृत्तपत्रांनी संशयालाच बातमीचे रूप दिले. हर्स्ट यांच्या 'न्यूयॉर्क जर्नल'ने गुन्हेगार शोधून देणाऱ्यास ५० हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. गुन्हा घडला आहे, हे त्यात गृहीतच धरले होते. 'मेनची आठवण ठेवा' ही घोषणा घरोघरी पोहोचली.

दोन चौकश्या, दोन निष्कर्ष

अमेरिकी नौदलाच्या चौकशी मंडळाने मार्चमध्ये निष्कर्ष काढला, की नौकेखाली सुरुंगाचा स्फोट झाला आणि त्यामुळे दारूगोळ्याची कोठारे उडाली. मात्र, सुरुंग कोणी लावला, हे मंडळाने सांगितले नाही. स्पेनच्या चौकशीने स्फोट नौकेच्या आतच झाल्याचे म्हटले. सुरुंग फुटला असता, तर पाण्याचा स्तंभ उसळला असता आणि बंदरात मेलेले मासे दिसले असते, हा त्यांचा मुद्दा होता. अमेरिकेत तो कोणी फारसा ऐकून घेतला नाही.

१९११ मध्ये भोवती बांध घालून अवशेष तपासले गेले. तेव्हाही बाह्य स्फोटाचाच निष्कर्ष निघाला, पण त्याची जागा वेगळी दाखविण्यात आली. १९७६ मध्ये ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी तज्ज्ञांच्या मदतीने पुराव्यांची फेरतपासणी केली. कोळशाच्या कोठारात आपोआप लागलेली आग शेजारच्या दारूगोळ्यापर्यंत पोहोचली असावी, असे त्यांचे मत पडले. त्या काळी इतर अमेरिकी युद्धनौकांवरही कोळशाच्या अशा आगी लागल्या होत्या. नंतरच्या अभ्यासांतून मतभेद पूर्णतः मिटले नाहीत. परंतु स्पेनने हा स्फोट घडविल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

किंमत कोणी मोजली?

केवळ 'मेन'मुळे युद्ध झाले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. छावण्यांतील हाल पाहून आलेले सिनेटर प्रॉक्टर यांचे १७ मार्चचे भाषण आणि विस्तारवाद्यांचा दबाव, ही कारणेही तितकीच प्रबळ होती. तथापि, 'मेन'ने माघारीची वाट अरुंद केली. एप्रिलमध्ये स्पेनने शस्त्रसंधीची तयारी दाखविली, स्फोटाचा प्रश्न लवादाकडे सोपविण्याचीही सूचना केली. तरीही ११ एप्रिलला मॅकिन्ली यांनी काँग्रेसकडे हस्तक्षेपाची परवानगी मागितली. महिना संपण्यापूर्वी युद्ध जाहीर झाले.

लढाई ऑगस्टमध्ये थांबली आणि १० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस करारान्वये पोर्तो रिको, ग्वाम आणि २ कोटी डॉलरच्या मोबदल्यात फिलिपिन्स अमेरिकेकडे गेले. ज्यांच्या मुक्ततेसाठी युद्ध झाले, त्या क्यूबाला १९०२ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, तेही अमेरिकी हस्तक्षेपाचा हक्क मान्य करूनच. हवानापासून हजारो मैल दूर असलेल्या फिलिपिनो जनतेला तर नव्या सत्तेशी १८९९ पासून दुसरे युद्ध लढावे लागले.

१९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात ४ ऑगस्टला झाल्याचे सांगितलेला हल्ला प्रत्यक्षात झालाच नव्हता, हे पुढे उघड झाले. तोवर व्हिएतनाममध्ये लाखो जीव गेले होते. २००३ मध्ये इराकमधील महासंहारक शस्त्रांचा दावाही असाच पोकळ ठरला. चौकशीला वेळ लागतो, संतापाला लागत नाही. या दोहोंमधील अंतर राखण्याची जबाबदारी सत्ताधाऱ्यांइतकीच वृत्तपत्रांची आणि वाचकांचीही आहे. ते अंतर १८९८ मध्ये राखले गेले नाही.