उगीचच्या गोष्टी

एप्रिलमधल्या बचत गटाच्या बैठकीची गोष्ट. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा यायला अजून अवकाश होता. म्हटलं, चला, तुम्हाला एक गंमत दाखवते. सतरंजीवर मधोमध मोबाईल ठेवला आणि सगळ्या जणी वाकून बघायला लागल्या. पडद्यावर काय, तर नुसतं हिरवट, गढूळ पाणी. एक मिनिट झालं, दोन झाली, पाणी आपलं तसंच.

"ताई, मोबाईल विहिरीत पडला की काय?" एकीनं विचारलं आणि हशा पिकला.

तर ती गंमत अशी. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त नावाचं जुनं शहर आहे. गावातून कालवे वाहतात आणि त्यातल्या एका कालव्यावर पाणी अडवणारा जुना दरवाजा आहे. बोट आली की तो उघडायचा, एरवी बंद. वसंत ऋतूत मासे अंडी घालायला उथळ पाण्याच्या शोधात निघतात, पण नेमक्या त्याच दिवसांत बोटी फारशा येत नाहीत. दरवाजा बंद, मासे बिचारे बाहेर ताटकळलेले, आणि ताटकळलेल्या माशांवर पक्ष्यांचा डोळा. मग २०२१ साली तिथल्या मंडळींनी पाण्याखाली एक कॅमेरा लावला आणि त्याचं चित्र इंटरनेटवर सोडलं. जगात कुठेही बसून बघा. मासा दिसला की पडद्यावरचं घंटेचं बटण दाबायचं. माशाचा फोटो निघतो, दरवाजा सांभाळणाऱ्या माणसाला कळतं की पाहुणे खोळंबलेत, आणि तो दरवाजा उघडतो. माशांची डोअरबेल म्हणा ना! दर वसंतात ही घंटा सुरू होते आणि जगभरातले लाखो लोक कामधाम सोडून ते गढूळ पाणी बघत बसतात.

"आमच्या दाराची बेल तीन महिने बंद पडलीय, कुणी बघत नाही, आणि तिकडं माशांना बेल!" ज्येष्ठ काकूंनी शेरा मारला. पण चहा आला तरी त्या मोबाईलवरची नजर काढेनात.

घरी आल्यावर ही हकिकत मोठ्या उत्साहानं सांगितली. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं. पण याचा उपयोग काय?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्याही घरात असणार. पुरुष माणूस चौकातल्या टपरीवर तासभर उभा राहून अमेरिकेच्या अध्यक्षानं काय करायला हवं होतं यावर बोलून येतो. त्याला कुणी उपयोग विचारत नाही. बाईच्या हातात मोबाईल दिसला की मात्र हिशेब सुरू. पाककृती बघतेय? मग ठीक. मुलाचा अभ्यास, सासूबाईंच्या गुडघ्याचे व्यायाम, साडीचा भाव, हेही चालतं. पण काहीच कारण नसताना, नुसतं नवल वाटलं म्हणून काही बघत बसली, तर "तुला काय उद्योग नाही का?"

आणि खरं सांगू? यात मीही सामील आहे. गेली काही वर्षं मी गटातल्या बायकांना मोबाईल शिकवते. काय शिकवलं? गॅस बुक करायचा, पैसे पाठवायचे, दाखले काढायचे. २०२४ साली 'लाडकी बहीण'चे अर्ज भरायचे होते तेव्हा तर आमच्याकडे जत्राच होती. कागदाचा फोटो काढ, आधार नंबर टाक, ओटीपी कुणाला सांगू नकोस, अनोळखी लिंक उघडू नकोस, हिरवं बटण दाब, लाल दाबू नकोस. हे सगळं गरजेचं होतंच, नाही कसं म्हणू? एका ओटीपीपायी वर्षाची बचत गेलेली बाई मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण त्या नादात मोबाईल म्हणजे सरकारी कचेरीची खिडकी, असंच चित्र मी त्यांच्यापुढे उभं केलं. काम असेल तर जायचं, घाबरत उभं राहायचं, काम झालं की परत यायचं. त्या खिडकीतून पलीकडचं जग नुसतं गंमत म्हणूनही बघता येतं, हे सांगायचं राहूनच गेलं.

आता 'उपयोगा'चीच गोष्ट काढली आहे तर ऐका. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात १९९१ साली शास्त्रज्ञ मंडळींची एक अडचण होती. सगळ्यांत मिळून कॉफीचं एकच भांडं. लांबून जिने उतरून यावं तर भांडं रिकामं! मग या हुशार मंडळींनी भांड्यासमोर कॅमेरा लावला आणि आपापल्या टेबलावर बसून कॉफी शिल्लक आहे का ते बघू लागले. १९९३ मध्ये ते चित्र इंटरनेटवर गेलं आणि कॉफीचं ते साधं भांडं जगभर लोक बघायला लागले. इंटरनेटवरचा पहिला कॅमेरा म्हणून त्याचं नाव झालं. २००१ मध्ये तो बंद केला तेव्हा जुन्या भांड्याचा लिलाव झाला आणि एका जर्मन वृत्तसंस्थेनं ते तीन हजारांहून अधिक पौंड मोजून घेतलं. आज परदेशातल्या नातवाचं बारसं आपण घरबसल्या बघतो. अशा कॅमेऱ्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, तर रिकामं कॉफीचं भांडं! (त्या विभागात एखादी आपल्यासारखी असती तर तिनं निमूटपणे दुसरी कॉफी टाकली असती, आणि हा शोध राहून गेला असता.)

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती मेलबर्नच्या झाडांची गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या या शहरात महापालिकेनं झाडांना नंबर दिले आणि प्रत्येक झाडाला चक्क ईमेल पत्ता दिला. सुमारे ७० हजार झाडं. हेतू अगदी रुक्ष होता. कुठं फांदी मोडली, झाड वाळायला लागलं, की नागरिकांनी कळवावं. पण २०१३च्या सुमाराला लोकांनी तक्रारींच्या जोडीनं झाडांना पत्रंच लिहायला सुरुवात केली. तू किती सुंदर दिसतोस, रोज तुझ्याखालून जाते, बरं वाटतं, असली पत्रं. कधीकधी पालिकेतलं कुणीतरी झाडाच्या वतीनं उत्तरही पाठवायचं!

हे वाचलं त्या दिवशी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या वडाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं. वर्षातून एकदा आपण जमतो, दोरा गुंडाळतो, सात जन्मांचं मागणं मागतो आणि घरी येतो. त्या झाडाची चौकशी मात्र कधी केली नाही. त्याच्या बुंध्यात कुणीतरी जाहिरातीच्या पाटीसाठी खिळे ठोकले होते, ते मला तेव्हा दिसले. इतकी वर्षं त्याच वाटेनं जात होते. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी जणींनी पकड नेऊन ते काढले. आता ह्याला उपयोग म्हणायचं की नाही, ते ह्यांनी ठरवावं.

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मी 'रेडिओ गार्डन' लावून देते. पडद्यावर पृथ्वीचा गोल फिरतो, त्यावर हिरवे ठिपके, ठिपक्यावर बोट ठेवलं की त्या गावचा रेडिओ त्या क्षणी ऐकू येतो. आयुष्यभर पंढरपूरपलीकडे न गेलेल्या सासूबाई दुपारी गवार निवडता निवडता ब्राझीलचं गाणं ऐकतात आणि म्हणतात, "ह्यांचा ताल आपल्या ढोलकीसारखाच की गं."

अर्थात प्रत्येक नवल खरं असतंच असं नाही. 'आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम असल्याचं युनेस्कोनं जाहीर केलं', हा संदेश तुम्हालाही आला असेल. मी तो अभिमानानं तीन ग्रुपवर टाकला होता. भाच्यानं फोन करून सांगितलं, "मावशी, युनेस्कोनं असं काहीही जाहीर केलेलं नाही." मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून एक पथ्य पाळते. आयतं आलेलं नवल लगेच पुढं ढकलत नाही. दोन मिनिटं शोधते, आणखी कुणी जबाबदार माणसानं हे लिहिलंय का ते बघते. माशांच्या घंटेचं मला आधी खोटंच वाटलं होतं. शोधलं तर कॅमेराच सापडला.

बहुतेक वेळा तर मी पाठवतच नाही, तोंडानं सांगते. त्याला कारण आहे. त्या दिवशी बैठक संपल्यावर मी म्हटलं, थांबा, माशांची लिंक ग्रुपवर टाकते. तर गटातली सगळ्यात लहान, लग्नाला चार वर्षं झालेली, ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, मला नको. रात्री घरी मोबाईल बघतात, कुणाचं काय आलं ते. परवा एकटीच हसले तर कोण आहे म्हणून विचारलं."

एकटीच हसले, म्हणून! तिला मिळालेला मोबाईल नवऱ्याचा जुना, रिचार्ज तो करतो, त्यामुळं जाब विचारायचा हक्कही त्याचाच. काय बोलावं ते मला सुचेना. तिच्या घरी जाऊन सासूशी बोलू का म्हटलं, तर "नको, उगीच वाढेल" म्हणाली. हे असं 'उगीच' मात्र आपल्याकडं भरपूर.

मग आम्ही तिथंच दारात उभ्या राहून माझ्याच मोबाईलवर ते पाणी पुन्हा लावलं. पाचेक मिनिटं काहीच नाही. मी बंद करणार तेवढ्यात डावीकडून एक करडा मासा आला, कॅमेऱ्यासमोर थांबला, तोंड उघडून मिटलं. "आला, आला!" म्हणून ती ओरडली आणि तिनं घंटा दाबली. पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत होती.

महिन्यानंतरच्या बैठकीत हप्त्याचे पैसे हातात देताना तिनं हळूच विचारलं, "ताई, त्याला दार उघडलं असेल ना हो?"

मी म्हटलं, एकट्यासाठी लगेच उघडत नाहीत, आणखी चार जमले की उघडतात. तिनं मान हलवली, वहीवर सही केली आणि शेजारणीला सरकून माझ्याजवळ बसायला जागा केली. म्हणाली, "आज काय आणलंय?"