श्यामची आई नुसती रडवणारी नाही

नाशिकरोडला बहिणीकडे जाताना तुरुंगाची भिंत दिसली की मला वाटतं, रिक्षा जरा थांबवावी. १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत! आमच्या इंदिरानगरात किती जणांना हे माहीत असेल?

गुरुजी १९५० साली गेले. अत्र्यांचा सिनेमा आला १९५३ मध्ये, म्हणजे त्यांनी तो पाहिलाच नाही. वनमालाबाई आई, माधव वझे श्याम. (वझे पुढे नाट्यसमीक्षक झाले, हे मला फार आवडतं.) त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. मग २०२३ मध्ये सुजय डहाके यांचा सिनेमा आला, तोही कृष्णधवल, आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. सत्तर वर्षांनी पुन्हा तेच पुस्तक!

पण माझं एक गाऱ्हाणं आहे. त्या पहिल्या सिनेमाने आपल्याला इतकं रडवलं, की पुस्तक म्हणजे रुमालच असं ठरून गेलं. पोहायला नको म्हणून लपलेल्या श्यामला मारत विहिरीवर धाडणारी खमकी आई आपण विसरलो. शिवाय पुस्तकात श्याम रोज रात्री मित्रांना गोष्ट सांगतो, अशा बेचाळीस रात्री. ते ऐकायचं पुस्तक आहे हो. मला विचाराल तर ते मुळातच नाटक आहे, एका माणसाचं!

मीही तीच चूक केली. सातवीच्या वर्गात थेट शेवटची रात्र वाचायला घेतली. वर्ग मुसमुसत होता आणि मला धन्य वाटत होतं. एका मुलाने बाकावर डोकं टेकलेलं दिसलं. "झोपतोस काय रे?" म्हणून ओरडले. मधल्या सुट्टीत कळलं, त्याची आई दिवाळीत गेली होती. त्याची माफी मागायचं धैर्य मला झालं नाही. बदली होईपर्यंत तो माझ्या तासाला खाली मान घालूनच बसायचा.

त्यानंतर मी नेहमी पोहण्याच्या रात्रीपासून सुरुवात केली. पोरं हसायची, आणि मग आपणहून पुढचं मागायची.

परवा नातू म्हणाला, "आजी, तो रडका सिनेमा नको." म्हटलं, सिनेमा राहू दे, ऐक. विहिरीपर्यंत वाचून पुस्तक मिटलं.

"मग? आला का त्याला पोहायला?"

म्हटलं, उद्या रात्री.