बेरियमचा पेला हातात देण्याआधी

पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्या माणसाला जेवताना ठसका लागायला लागला की अनेकदा 'बेरियम स्वॅलो' लिहून दिलं जातं. खडूच्या पाण्यासारखं पांढरं द्रावण प्यायचं आणि ते गिळताना एक्स-रे काढायचे. तपासणी जुनी आहे, उपयोगाची आहे. माझं भांडण तपासणीशी नाही, ती उरकण्याच्या पद्धतीशी आहे.

ज्याला नीट गिळता येत नाही त्यालाच आपण गिळायला सांगतोय! घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेला तर? थोडंसं बेरियम गेलं तर बहुतेक वेळा खोकून बाहेर पडतं. पण घटाघटा पेला पाजला आणि बरंचसं फुफ्फुसात उतरलं, तर आधीच अशक्त असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

मग पाण्यात विरघळणारं औषध द्यावं? सरसकट तेही नाही. गॅस्ट्रोग्राफिनसारखं तीव्र द्रावण फुफ्फुसात गेलं तर ते आजूबाजूचं पाणी ओढून घेतं आणि फुफ्फुसंच पाण्याने भरतात. अन्ननलिकेला छिद्र असल्याचा संशय असेल तर बेरियम टाळतात, हे बरोबर. पण त्याच पेशंटला ठसक्याचाही धोका असेल तर आयोहेक्सॉलसारखं सौम्य द्रावण निवडावं लागतं. म्हणजे आधी विचारायला हवं: पाणी पिताना ठसका लागतो का? जेवल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का? वारंवार न्यूमोनिया झालाय का? नुसत्या ठसक्यावर विसंबूनही चालत नाही. काहींच्या फुफ्फुसात घास जातो आणि साधा खोकलाही येत नाही.

अशांसाठी वेगळी पद्धत आहे. चमच्याने, मोजून, काही मिलिलिटर द्यायचं, व्हिडिओ एक्स-रेवर बघायचं, शेजारी स्पीच थेरपिस्ट. किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं बघायचं. त्यात एक्स-रेही नाही, बेरियमही नाही.

पण स्पीच थेरपिस्ट म्हटलं की आपल्याला तोतरं बोलणारी मुलंच आठवतात. गिळण्याच्या त्रासावर काम करणं हेही त्यांचंच काम. मोठ्या शहरांबाहेर ते मिळायचे कुठे? प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे पद हवं, भरलेलं हवं, आणि एक्स-रेच्या फॉर्मवर वरचे तीन प्रश्न छापलेले हवेत. याला किती खर्च येतो हो?

आणि कृपा करून घाबरून तपासणी टाळू नका. निदान न होता रोज फुफ्फुसात जाणारा घास जास्त घातक. फक्त पेला हातात घेण्याआधी सांगा, "यांना ठसका लागतो." खरं तर हे विचारायचं काम दवाखान्याचं आहे.