पेनीची जन्मकुंडली

हॉबी म्हटलं की ट्रेकिंग, गिटार, फोटोग्राफी... लिस्ट ठरलेली! त्यात ही एक हटके एंट्री: इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन राजांच्या चांदीच्या पेनी जमवणं.

पेनी म्हणजे जेमतेम दीड ग्रॅमची पातळ चकती. एका बाजूला राजाचं नाव, दुसऱ्या बाजूला नाणं पाडणाऱ्याचं. ९७३च्या सुमारास राजा एडगरने टांकसाळीच्या गावाचं नावही सक्तीचं केलं. खोट निघाली, तर कुणाला धरायचं ते नाण्यावरच लिहिलेलं!

जुनं तेवढं महाग, असं मात्र नाही हं. एथेलरेड दुसरा (९७८-१०१६) याने व्हायकिंगांना खंडणीत इतक्या पेनी मोजल्या की त्या ढिगाने स्कँडिनेव्हियात सापडतात. त्यातली साधी पेनी काही शे पाउंडांत मिळते. मर्सियाच्या चेओलवुल्फ दुसऱ्याची मात्र भलतीच दुर्मिळ. जुन्या बखरीने त्याला व्हायकिंगांच्या हातचं बाहुलं ठरवलं होतं. पण त्याच्या आणि आल्फ्रेडच्या नाण्यांवर एकच डिझाइन निघालं: शेजारी बसलेले दोन सम्राट. म्हणजे बाहुलं कसलं, हा तर आल्फ्रेडचा पार्टनर!

अशी नाणी असलेले दोन साठे २०१५ मध्ये मेटल डिटेक्टरवाल्यांना सापडले. ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टनचा साठा रीतसर जाहीर झाला. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियमने तो साडेतेरा लाख पाउंडांना घेतला. कायद्याने असं बक्षीस शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटलं जातं. हिअरफर्डशायरमधल्या लेमिन्स्टरजवळचा साठा मात्र दोघांनी दडवला आणि गुपचूप विकायला काढला. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. साठा अंदाजे ३०० नाण्यांचा, तोवर हाती लागली होती जेमतेम तीसेक!

नुकसान फक्त पैशांचं नाही. कुठल्या शेतात, कशासोबत, किती नाणी होती, हे कळलं तरच इतिहास पुढे सरकतो. सुटं विकलेलं नाणं मुकं होतं.

म्हणून पेनी घ्यायचा मूड असेल, तर चकाकी नंतर बघा. आधी जन्मकुंडली मागा: कुठे सापडली, नोंद कधी झाली, आधी कुणाच्या कलेक्शनमध्ये होती, जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये फोटो आहे का? विकणारा गडबडला, तर सरळ नमस्कार करा. चोरीचा माल खपतो, कारण घेणारा काही विचारत नाही. तुम्ही विचारा!