जामीन कोण राहणार?

२०२२ च्या दिवाळीनंतरचा रविवार. विहारातील वंदना आटोपून मी चपला शोधत होतो, तेवढ्यात आमच्या गल्लीतला एक तरुण जवळ आला. "जयभीम भाऊ, थोडे काम होते." हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदपत्रे. मी मनात म्हटले, आला जामीनपत्र घेऊन!

ज्यांच्या घरात कायम नोकरीचा माणूस आहे, त्या वाचकांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. वस्तीत पगारपत्रक असलेला माणूस म्हणजे सर्वांचा जामीनदार. मीही २००७ साली एका मित्रासाठी एका पतसंस्थेत सही करून मोकळा झालो. कर्ज टेम्पोच्या नावाने घेतले होते, पैसे गेले बहिणीच्या लग्नात. मित्र शहर सोडून गेला आणि माझ्या पगारातून दरमहा १,८०० रुपये कापले जाऊ लागले, तब्बल २२ महिने. त्या काळात माझ्या पत्नीने एक शब्दही काढला नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते! तेव्हापासून घरात एक नियम आहे : वेळ मागा, विद्या मागा, सही मागू नका.

हा तरुण अंबड एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामगार होता. सहा वर्षे एकाच मशीनवर उभा राहिला आणि एके दिवशी गेटवर त्याला सांगण्यात आले की उद्यापासून येऊ नकोस. पदरात दोन मुले. वय एकोणतीस, शिक्षण दहावी नापास. त्याच्या बायकोने विषय काढला होता की, पीठगिरणी आणि मसाला कांडपाचे यंत्र टाकू. वस्तीतल्या बायकांना मिरची कांडायला दोन किलोमीटर चालत जावे लागते, ही तिची रोजची पाहणी. कल्पना चांगली होती. मी विचारले, "कर्ज किती पाहिजे?" तो म्हणाला, "मिळेल तेवढे."

बंधू-भगिनींनो, बेकार माणसाच्या तोंडी हे उत्तर मी शंभर वेळा ऐकले आहे, आणि दर वेळी ते ऐकून अंगावर काटा येतो. मिळेल तेवढे कर्ज घेणाऱ्याला फेडायचे किती हे ठाऊक नसते. शिवाय "सरकारी कर्ज आहे, पुढेमागे माफ होईल" अशी कानगोष्ट सांगणारा एकजण प्रत्येक कट्ट्यावर बसलेला असतोच. १९९३ साली सुशिक्षित बेरोजगारांसाठी पंतप्रधान रोजगार योजना आली, तेव्हाही अशी माणसे होती. आता हप्ता थकला की नाव सिबिलच्या नोंदीत जाते आणि मग साधा मोबाइलसुद्धा हप्त्यावर मिळत नाही.

मी त्याला शंभर पानी वही आणायला सांगितली. पुढचे तीन रविवार आम्ही तिघे, म्हणजे तो, त्याची बायको आणि मी, आमच्या ओट्यावर बसलो.

पहिल्या पानावर त्याची स्वतःची येणी लिहिली. बेकार माणसाजवळ काहीच नसते, असे आपण धरून चालतो. सहा वर्षांचा प्रॉव्हिडंट फंड कुठे आहे, हे त्याला माहीत नव्हते. यू.ए.एन. क्रमांक जुन्या पगारचिठ्ठीवर सापडला आणि खात्यात बऱ्यापैकी रक्कम निघाली. सलग पाच वर्षे काम केलेल्याला ग्रॅच्युइटीचा हक्क असतो, कंत्राटी कामगारालाही, हे तर तो प्रथमच ऐकत होता. त्यासाठी अर्ज केला. ती रक्कम हाती यायला सात महिने आणि तीन लेखी स्मरणपत्रे लागली. बायकोच्या बचत गटातून २०,००० रुपये मिळण्यासारखे होते.

दुसऱ्या पानावर खर्च. दोन्ही यंत्रे १,४०,०००. थ्री-फेज वीजजोडणी आणि वायरिंग ३०,०००. सुरुवातीला हाताशी राहावे लागणारे खेळते भांडवल ४०,०००. गाळ्याची अनामत ५०,०००. एकूण २,६०,०००. पुढे बँकेच्या अधिकाऱ्याने अनामतीवर काट मारली. ती तुमची तुम्ही भरा म्हणाला. कर्जासाठी प्रकल्प उरला २,१०,००० रुपयांचा.

तिसऱ्या पानावर मात्र भांडण झाले. दळणाचा दर किलोला ६ रुपये, रोजचे ८० किलो धरले तर दिवसाला ४८०, महिन्याचे २६ दिवस म्हणजे १२,४८०. गाळ्याचे भाडे ५,०००, वीजबिल ३,०००. राहिले ४,४८०. त्यात साधारण ३,२०० चा हप्ता. हातात उरतात १,२८० रुपये. "यात घर कसे चालणार?" मी विचारले. तो गप्प. बायको म्हणाली, "भाऊ, तुम्ही मिरची धरलीच नाही." खरेच होते. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत वर्षाचा मसाला होतो. महिन्याला ६०० किलो कांडप, किलोला ४० रुपये, म्हणजे २४,०००. गिरणीचा खरा जीव त्या चार महिन्यांत आहे आणि पावसाळ्यातला हप्ता उन्हाळ्यातच बाजूला काढून ठेवावा लागणार, हे तिने आम्हा दोघांना शिकवले. मी बी.कॉम. असलो तरी मिरची किती दिवस वाळवतात हे मला माहीत नव्हते.

हे सर्व झाल्यावर मगच योजनेचा विचार. आम्ही पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम निवडला. जुनी पंतप्रधान रोजगार योजना आणि ग्रामोद्योगाची एक योजना एकत्र करून २००८ साली तो सुरू झाला. अर्ज खादी ग्रामोद्योग किंवा जिल्हा उद्योग केंद्रामार्फत होतो. धंदा नवीनच असावा लागतो आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. सेवा उद्योगात पाच लाखांच्या आतल्या प्रकल्पाला शिक्षणाची अट नव्हती, त्यामुळे दहावी नापास असूनही अडले नाही. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे, आणि अनुदान शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के. खुल्या गटाला स्वतःचे १० टक्के आणि अनुदान शहरात १५ टक्के. या कार्यक्रमाला दिलेली मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती, तेव्हा नव्याने अर्ज करणाऱ्यांनी आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चालू नियम विचारून घ्यावेत.

अनुदान म्हणजे हातात मिळणारी रक्कम नव्हे, एवढे नीट समजून घ्या. ती बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी धंदा चालू असल्याची पाहणी होऊन ती कर्जात वळती होते. त्याच्या बाबतीत ५२,५०० रुपये वगळता व्याजाचे कर्ज राहिले १,४७,०००. दर ११ टक्के आणि मुदत पाच वर्षे धरून ३,२०० चा हप्ता आला तो असा.

आणि येथेच गाडी अडली. त्याच्याकडे जातीचे प्रमाणपत्र नव्हते. शाळेच्या दाखल्यावर नुसते "बौद्ध". १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या. पण त्यासाठी प्रमाणपत्रात धर्मांतरापूर्वीची अनुसूचित जात नमूद असावी लागते. काहींना ते नाव पुन्हा कागदावर आणणे नको वाटते. ती भावना मी समजू शकतो, मलाही ते नको वाटते. पण त्या एका कागदावाचून खुल्या गटात धरले गेले, तर २५ ऐवजी १५ टक्के, म्हणजे या गिरणीपुरते २१,००० रुपये कमी, आणि घालायची रक्कम दुप्पट. पुरावा हवा होता १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. तो गावी गेला, जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर धुंडाळले आणि आजोबांच्या नावाची नोंद सापडली. आजोबा शाळेत गेले होते हे घरात कुणालाच माहीत नव्हते! दुसरीपर्यंत शिकले होते. सेतू कार्यालयातून प्रांताकडे अर्ज गेला आणि पाच आठवड्यांनी प्रमाणपत्र हातात आले. ज्यांच्या घरी हा कागद नाही त्यांनी कर्जाची वाट न पाहता आजच त्या मागे लागावे.

मधल्या काळात त्याने आम्हाला न सांगता एक उद्योग केला होता. "फाइल पास करून देतो" म्हणणाऱ्या एका एजंटाला बायकोचे गळ्यातले गहाण ठेवून ८,००० रुपये दिले. एजंटाचा फोन पंधरा दिवसांत बंद. या कार्यक्रमात मध्यस्थ नेमलेलेच नाहीत, अर्ज आपला आपण भरता येतो. मी त्याला खूप बोललो. नंतर वाटले, सहा महिने बेकार असलेल्या माणसाला कुणी "काम होईल" एवढे म्हटले तरी तो अर्धा जीव काढून देईल. गळ्यातले पुढच्या मे महिन्यात सुटले.

पहिल्या बँकशाखेने अर्ज परत केला, कारण तोंडी सांगितले, "जामीन आणा." आम्ही नकाराचे कारण लेखी मागितले. तो अर्जदाराचा हक्क आहे. शिवाय सूक्ष्म व लघु उद्योगाच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागू नये, अशी रिझर्व्ह बँकेची २०१० पासून सूचना होती, आणि अशा कर्जांसाठी सरकारपुरस्कृत हमी निधीही आहे. लेखी कारण काही मिळाले नाही. दुसऱ्या शाखेतल्या बाईंनी मात्र वही मागून घेतली, तिसरे पान वाचले आणि विचारले, "मिरचीचा हिशेब कुणी केला?" कर्ज मंजूर झाले. माझी सही कुठेही लागली नाही.

ज्यांची गरज याहून लहान किंवा घाईची असेल त्यांना मुद्रा योजना आहे. शिशु गटात ५०,००० पर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत. अनुदान नाही, पण तारणही नाही. रस्त्यावर विक्री करणाऱ्यांसाठी २०२० पासून स्वनिधी योजना आहे. तिचा पहिला हप्ता आधी १०,००० होता, २०२५ मध्ये तो १५,००० झाला. आपले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या बीजभांडवल योजनेची रचना अशी : बँक ७५ टक्के, महामंडळ २० टक्के, स्वतःचे ५ टक्के. महामंडळाच्या वाट्यावर ४ टक्के व्याज. योजना उत्तम, पण जिल्हा कार्यालयात उद्दिष्ट आणि निधी असेल तेव्हाच काम हलते, आणि तेथे जामीनदारही मागतात. वर्षाच्या सुरुवातीला, एप्रिल-मेमध्ये अर्ज टाकावा, मार्चमध्ये धावपळ करू नये.

बाबासाहेबांनी लंडनचे अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० मध्ये पैसे कसे उभे केले ते चरित्रात आहे. आधी सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली आणि कमी पडले तेवढ्यासाठी मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजारांचे कर्ज घेतले. मी त्या तरुणाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "त्यांना जामीन कोण राहिले होते?" मला उत्तर देता आले नाही.

गिरणी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, ऐन पावसात सुरू झाली. पहिले पाच महिने हप्ता पी.एफ.च्या शिल्लक पैशांतून गेला. पुढच्या उन्हाळ्यात गाळ्यासमोर मिरचीच्या पिशव्यांची रांग लागली. आमच्या घरचा मसालाही तेथेच कांडला, पत्नीने स्वतः नेऊन दिला. आता पावसाळ्यात त्याची बायको भाजणीचे आणि नाचणीचे पीठ पुड्या बांधून विकते.

मागे एकदा तो पुन्हा विहाराबाहेर भेटला. हातात तीच प्लॅस्टिकची पिशवी. म्हणाला, "भाऊ, मेव्हण्याला वेल्डिंगचे दुकान टाकायचे आहे. मला जामीन राहा म्हणतो. राहू का?"

मी विचारले, "त्याने वही आणली आहे का?"