पैसे आमचे गेले, मग पुरावाही आम्हीच द्यायचा?

क्रेडिट कार्डच्या बिलावर न केलेली खरेदी दिसते. कधी अकराशे, कधी आठ हजार, कधी एकाच रात्रीत तीन व्यवहार. दुकानाचे नाव परदेशी, कधी न ऐकलेले. कार्डधारक शाखेत जातो आणि काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "ओटीपी कोणाला दिला होता?" पैसे कसे गेले याची चौकशी नंतर. आधी दोष कोणाचा हे ठरते, आणि तो बहुतेक वेळा समोर उभ्या असलेल्या माणसाचाच ठरतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वस्त्यांवर काम करताना हा प्रश्न आम्ही वारंवार ऐकला आहे. सुपा आणि नागापूरच्या एमआयडीसीत कंत्राटावर जाणारी आपली मुले, आशाताई, शिष्यवृत्तीचे खाते असलेले विद्यार्थी, ऊसतोडीहून परतलेली पाथर्डी-जामखेडची कुटुंबे. कोणाकडे क्रेडिट कार्ड, कोणाकडे डेबिट कार्ड, कोणाकडे फक्त आधारशी जोडलेले खाते. पैसे जाण्याची तऱ्हा वेगवेगळी, पण काउंटरवरचा प्रश्न एकच. आमचे म्हणणे सरळ आहे : हा प्रश्न नियमाच्या दृष्टीने चुकीचा आहे. आणि ज्या सुरात तो आपल्या माणसाला विचारला जातो, तो सूर या देशाच्या समाजव्यवस्थेत फार जुना आहे.

आधी नियम पाहू. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत एक परिपत्रक काढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसेच परिपत्रक सहकारी बँकांसाठी आले. त्यातली मुख्य गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवी. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. "आम्ही ओटीपी दिला नाही" हे आपण सिद्ध करायचे नाही. "यांनी दिला" हे बँकेने सिद्ध करायचे आहे.

चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, मधल्या यंत्रणेतली असेल आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली असेल, तरीही शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात तक्रार केली तर तोटा सोसण्याला मर्यादा आहे. मूलभूत बचत खात्याला जास्तीत जास्त 5,000 रुपये, आणि साधे बचत खाते किंवा 5 लाखांपर्यंत मर्यादा असलेले क्रेडिट कार्ड असेल तर 10,000 रुपये. सात दिवस उलटले की बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. तक्रार केल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि 90 दिवसांत निकाल लावायचा, हेही त्याच परिपत्रकात आहे.

ओटीपी खरोखरच दिला असेल तर? तेव्हा तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, हा नियम आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण तिथेही दोन गोष्टी उरतात. तक्रार नोंदवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. आणि "दिला" हे नुसते म्हणून चालत नाही, दाखवावे लागते. गुवाहाटीच्या एका ग्राहकाचे 94 हजार रुपये गेले होते. त्याने तातडीने तक्रार केली. स्टेट बँकेचे म्हणणे होते की ओटीपी त्यानेच दिला. उच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरले आणि जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्याआधी जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका ग्राहक कंपनीचे 76 लाखांहून अधिक रुपये परत करायला सांगितले, तेही याच परिपत्रकाच्या आधारे.

क्रेडिट कार्डाबाबत आणखी एक हत्यार आहे. 2020 साली रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले की नवे कार्ड फक्त देशातील एटीएम आणि दुकानातील मशीनपुरतेच चालू असेल. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार ग्राहकाने स्वतः मागून चालू करायचे. अनेक परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीशिवाय पैसे कापले जातात. म्हणजे जामखेडच्या मुलाच्या कार्डावर परदेशातले बिल आले, तर "ओटीपी कोणाला दिला" हा प्रश्न जागेवरच फोल ठरतो. खरा प्रश्न हा, की या कार्डाची परदेशी सुविधा कोणी, कधी आणि कोणाच्या संमतीने चालू केली? नोंद बँकेकडे असते. ती दाखवा म्हणायचे. न मागता कार्ड दिले आणि त्यावर बिल लावले, तर ते बिल रद्द करून त्याच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो, हेही 2022 च्या कार्डविषयक निर्देशांत लिहिलेले आहे.

इतके असूनही आपला माणूस शाखेतून मान खाली घालून का परत येतो? इथे समाजशास्त्राचा प्रश्न सुरू होतो.

11 ते 13 ऑगस्ट 2018 या दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. बनावट कार्डे वापरून 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले. देशातून अडीच कोटी, आणि 13 कोटी 92 लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण 94 कोटी 42 लाख. तेव्हा बँकेला कोणी विचारले का, "तुम्हीच पासवर्ड कोणाला दिला असेल"? नाही. बँक पीडित ठरली. विशेष तपास पथक नेमले गेले, आरोपी पकडले, एप्रिल 2023 मध्ये अकरा जणांना शिक्षा झाली. हे योग्यच झाले. पण शंभर वर्षांहून अधिक वय असलेली, तज्ज्ञ आणि यंत्रणा पदरी असलेली बँक लुटली जाते तेव्हा तो हल्ला असतो, आणि दहावी नापास कामगाराचे आठ हजार जातात तेव्हा तो त्याचा अडाणीपणा असतो. हा फरक कुठून येतो?

तो येतो विश्वासार्हतेच्या उतरंडीतून. कोणाचा शब्द पुरावा मानायचा आणि कोणाच्या शब्दावर आधी संशय घ्यायचा, हे या समाजात जन्मावर, पोशाखावर आणि भाषेवर ठरत आले आहे. फिर्याद घेऊन गेलेल्यालाच आधी उलटतपासणीला सामोरे जावे लागते, हा अनुभव या जिल्ह्यातील चळवळीला नवा नाही. अत्याचार आणि आठ हजार रुपये एका तराजूत तोलावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण टेबलापलीकडच्या माणसाची नजर तीच असते, आणि त्या नजरेपुढे गप्प बसायची सवयही तीच.

या सवयीला याच जिल्ह्यात इतिहास आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावात (पारनेरचे सुपा नव्हे) शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. तो वणवा पारनेर, श्रीगोंदा भागातल्या गावांपर्यंत पोचला. लोकांनी पैशापेक्षा कागद का जाळले? कारण कागदावर काय लिहिले आहे हे सही करणाऱ्याला वाचता येत नव्हते, आणि कोर्टात मात्र तोच कागद अखेरचा शब्द होता. 1879 मध्ये सरकारला दख्खनमधल्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे त्याचे चार जिल्हे. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासायला लावले, आणि कर्जदाराला पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला. अर्थात त्या कायद्याचा फायदा मुख्यतः जमीन असलेल्या शेतकऱ्याला होता. गहाण टाकायला ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्या आपल्या पूर्वजांच्या वाट्याला त्यातले फारसे आले नाही.

रोख्याची जागा आज सर्व्हरवरच्या नोंदीने घेतली आहे. "सिस्टिममध्ये ओटीपी टाकलेला दिसतो" हे वाक्य म्हणजे नवा रोखा. 1879 मध्ये मिळालेले तत्त्वच 2017 च्या परिपत्रकात आहे : बलवानाचा कागद अखेरचा नाही, व्यवहार तपासा. फरक इतकाच, की या वेळी तो हक्क आपल्यालाही आहे आणि आपण तो वापरत नाही.

फसवणूक फक्त चोरच करतो असेही नाही. आयआयटी मुंबईच्या 2021 च्या अभ्यासाने दाखवले की स्टेट बँकेने शून्य शिलकीच्या मूलभूत खात्यांवर महिन्यात चारपेक्षा जास्त वेळा पैसे वळते झाल्यास दर वेळी 17 रुपये 70 पैसे कापले, अगदी डिजिटल व्यवहारांवरही. 2015 ते 2020 या काळात ही रक्कम 300 कोटींच्या घरात गेली. सतरा रुपयांसाठी कोण शाखेत जाणार? म्हणूनच ते कापले जातात. पासबुकावरची न समजणारी प्रत्येक ओळ विचारायची सवय आपल्याला लागली पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतील, जमिनीचे, आरक्षणाचे, अत्याचाराचे प्रश्न पेटलेले असताना ही कार्डाची भानगड कुठून काढली? त्यांना आम्ही बाबासाहेबांकडे पाहायला सांगू. 1923 साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणारे बाबासाहेब चलनाकडे केवळ तांत्रिक विषय म्हणून पाहत नव्हते. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराला होणारा फायदा मजुराच्या खिशातून येतो, कारण भाव आधी वाढतात आणि मजुरी मागे राहते, हे त्यांनी मांडले. तोटा अखेर कोणाच्या अंगावर पडतो, हा त्यांचा प्रश्न होता. आज ऑनलाइन व्यवहाराची सोय बँकेला, दुकानाला, सरकारला. आणि त्यातली गळती मात्र सर्वांत गरीब खातेदाराच्या अंगावर. हा आंबेडकरी चळवळीचा प्रश्न नसेल तर कोणाचा?

एक कडू गोष्टही बोललीच पाहिजे. चोरलेले पैसे कुठेतरी जमा व्हावे लागतात, आणि त्यासाठी गरीब मुलांची खाती हजार-दोन हजारात भाड्याने घेतली जातात. कॉसमॉस प्रकरणातही बनावट कार्डे घेऊन एटीएमपुढे उभे राहिलेले हात पगारी होते, डोके दुसरीकडे होते. शिष्यवृत्तीचे खाते, एटीएम कार्ड आणि सिम कोणी "महिनाभर दे" म्हणाले तर ती कमाई नाही, ती तुरुंगाची वाट आहे. पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. खाते गोठले की शिष्यवृत्तीही गोठते. लुटला जाणाराही आपला आणि आरोपी होणाराही आपलाच, हे थांबवणे आपल्या हातात आहे.

करायचे काय? रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास यासाठी ठेवा. प्रत्येक वस्तीत दोन मुला-मुलींनी ही पद्धत शिकून घ्यावी :

पैसे गेल्याचे कळताच कार्ड बंद करायचे आणि 1930 वर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. त्याच दिवशी बँकेकडे लेखी तक्रार द्यायची, मराठीत दिली तरी चालते, आणि पोच घ्यायची. तोंडी सांगून घरी यायचे नाही. अर्जात रिझर्व्ह बँकेच्या या नियमांचा उल्लेख करायचा आणि बँकेच्या ग्राहक संरक्षण धोरणाची प्रत मागायची. पोलीस "नगरच्या सायबरला जा" म्हणाले, तर जामखेडहून पाऊणशे किलोमीटरची ती वारी टाळता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीचे कारण सांगून गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उडवून लावले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचे. फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तीन दिवसांची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून अर्जाचा कोरा नमुना विहारात आधीच तयार हवा.

आणि शाखेत कोणालाही एकटे पाठवू नका. सोबत दोघे जा. आवाज चढवायची गरज नाही. "ओटीपी कोणाला दिला?" असे विचारले तर शांतपणे म्हणा, "साहेब, ते तुम्ही सिद्ध करायचे आहे. आमचा अर्ज घ्या आणि पोच द्या."

जय भीम.